चेशायरच्या ढालींवरची भाऊबंदकी

१३८६ सालच्या १५ ऑक्टोबरला वेस्टमिन्स्टरच्या मठातल्या भोजनगृहात एका साक्षीदाराची जबानी झाली. वय ४० आणि वर, शस्त्र हाती धरून २७ वर्षे झालेली, अशी नोंद लेखनिकाने केली. साक्षीदाराचे नाव जेफ्री चॉसर. इंग्रजी कवितेचा आद्यपुरुष म्हणून पुढे जगाने ज्याला डोक्यावर घेतले तो हाच. त्या दिवशी मात्र त्याला कवितेबद्दल कोणी विचारत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की निळ्या ढालीवरचा तिरका सोनेरी पट्टा कोणाचा?

चॉसरने सांगितले ते असे. तरुणपणी फ्रान्सच्या मोहिमेत असताना ही ढाल त्याने स्क्रोप घराण्याच्या लोकांकडे पाहिली होती. पुढे एकदा लंडनमध्ये फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका घराबाहेर याच चिन्हाची नवीकोरी पाटी त्याला लटकलेली दिसली. स्क्रोपांची ढाल इथे कोणी लावली, असे त्याने सहज विचारले. उत्तर आले, की ही स्क्रोपांची नव्हे; चेशायरहून आलेल्या रॉबर्ट ग्रोव्हनर नावाच्या सरदाराने लावली आहे. ग्रोव्हनर हे नावच आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकले, असे चॉसरने जबानीत नमूद केले. शांतपणे दिलेली साक्ष, पण घाव वर्मी बसणारा.

वादाला तोंड फुटले होते आदल्या वर्षी. राजा दुसरा रिचर्ड १३८५ मध्ये स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा एकाच छावणीत दोन सरदार एकाच ढालीनिशी उभे दिसले. एक यॉर्कशायरमधील बोल्टनचा रिचर्ड स्क्रोप, दुसरा चेशायरचा रॉबर्ट ग्रोव्हनर. स्क्रोपने लष्करी मानमरातबाच्या न्यायालयात दावा लावला आणि मग शेकडो साक्षीदारांची रांग लागली. राजाचा काका जॉन ऑफ गाँट आला. पुढे वेल्समध्ये बंडाचे निशाण उभारणारा ओवेन ग्लिंडोर आला. स्वतःचे वय १०५ सांगणारा सर जॉन सली नावाचा एक म्हातारा सरदारही होता. मठाधिपतींनी चर्चच्या खिडक्यांतली रंगीत काच, थडगी, जुनी कागदपत्रे यांचे दाखले दिले. आपल्याकडे वतनाच्या वादात गोतसभा बसवून, जुन्याजाणत्यांच्या साक्षी घेऊन महजर करत असत. इथे जमिनीच्या जागी रंगाचा एक पट्टा होता, एवढाच फरक.

भरीस भर म्हणजे कॉर्नवॉलचे कार्मिनो घराणेही हीच ढाल मिरवत असे. त्यांचा स्क्रोपांशी आधीच एकदा तंटा होऊन गेला होता. कार्मिनोंनी आपली ढाल थेट आर्थर राजाच्या काळापासूनची असल्याचे सांगितले, स्क्रोपांनी आपली विल्यम विजेत्याच्या काळापासूनची. दोघांचेही म्हणणे ग्राह्य धरून दोघांनाही ढाल ठेवू दिली गेली. गंमत अशी, की आर्थरच्या दंतकथेच्या काळी सोडाच, १०६६ मध्ये विल्यम इंग्लंडला आला तेव्हाही कुलचिन्हे हा प्रकार अस्तित्वात नव्हता.

ग्रोव्हनरचा निकाल १३८९ मध्ये लागला. पट्टा स्क्रोपचा, ग्रोव्हनरला हवा असेल तर त्याने ढालीला रुपेरी काठ लावून तो वापरावा. हा तोडगा दोघांनाही पटला नाही. प्रकरण राजापुढे गेले आणि मे १३९० मध्ये राजाने तो काठही काढून घेतला. असा काठ चुलत घराण्याला शोभतो, परक्याला नाही, हे त्यामागचे कारण. ग्रोव्हनरने मग नवे चिन्ह घेतले : निळ्या ढालीवर गव्हाची एक सोनेरी पेंढी.

पेंढीच का, हे समजायला चेशायर समजावे लागते.

इंग्लंडच्या वायव्येला, वेल्सच्या सीमेला लागून असलेली ही काउंटी. विल्यमच्या नॉर्मन विजयानंतर सीमा राखण्यासाठी ती एका अर्लच्या हवाली केली गेली आणि त्याला जवळजवळ राजासारखे अधिकार मिळाले. पहिल्या प्रबळ अर्लचे नाव ह्यू, टोपणनाव 'लूपस', म्हणजे लांडगा. राजाने मुकुटाच्या बळावर इंग्लंड राखावे तसे ह्यूने तलवारीच्या बळावर चेशायर राखावे, असे तिकडे सांगत आले आहेत. १२३७ मध्ये शेवटचा अर्ल निपुत्रिक वारला, तेव्हा तिसऱ्या हेन्रीने ही जहागीर खालसा करून घेतली. पुढे ती युवराजाकडे गेली. आजही इंग्लंडचा युवराज प्रिन्स ऑफ वेल्सबरोबर 'अर्ल ऑफ चेस्टर' असतो.

अर्लची ढाल म्हणून रूढ झाली ती निळ्यावर तीन सोनेरी पेंढ्यांची. अर्ल गेले, पण पेंढ्या राहिल्या. ज्यांना अर्लशी नाते सांगायचे होते, ज्यांच्या पूर्वजांनी त्याच्या हाताखाली जमिनी राखल्या होत्या, अशांच्या ढालींवर त्या उगवत राहिल्या. चमली घराण्याच्या तांबड्या ढालीवर वर दोन रुपेरी शिरस्त्राणे आणि खाली एक सोनेरी पेंढी आहे. आपला मूळ पुरुष ह्यू लूपसचा भाचा, असे ग्रोव्हनर सांगत. म्हणजे पट्टा हातचा गेला तरी पेंढी घेऊन त्यांनी न्यायालयाला अप्रत्यक्षपणे सुनावलेच : आम्ही परके नव्हे, इथले आहोत. काउंटी कौन्सिलनेही पुढे तीन पेंढ्यांमध्ये एक उभी तलवार घालून आपले चिन्ह घडवले.

ही चिन्हे आली कुठून? बाराव्या शतकात पश्चिम युरोपात सरदार मंडळी ढालींवर ठरावीक खुणा रंगवू लागली आणि त्या वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागल्या. डोके पूर्ण झाकणाऱ्या शिरस्त्राणामुळे माणूस ओळखू येईना म्हणून हे सुरू झाले, असे सर्रास सांगतात. त्यात तथ्य आहे, पण मला त्याहून मोठे कारण वाटते ते शिक्क्याचे. लिहिता न येणाऱ्या सरदाराला दस्तऐवजावर शिक्कामोर्तब करायला एक पक्की, वंशपरंपरागत खूण हवी होती. ढालीवरची खूण लाखेवर उमटली आणि तेव्हापासून तिला मालमत्तेचा वास लागला. मालमत्ता म्हटली की वारस आले, आणि वारस आले की भाऊबंदकी.

खुणेचे नियम थोडके आहेत. सोनेरी आणि रुपेरी हे दोन 'धातू'. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर सोनेरी चालते, निळ्यावर काळे चालत नाही. कारण साधे आहे. धुळीत आणि पावसात, लांबून ढाल ओळखू आली पाहिजे. उजवे-डावे ठरते ते ढाल धरणाऱ्याच्या अंगाने, पाहणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे ग्रोव्हनरचा हरवलेला पट्टा आपल्याला वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरताना दिसतो. ढालीचे वर्णन जुन्या नॉर्मन फ्रेंच शब्दांत करतात आणि ते इतके काटेकोर असते, की नुसते वाचून कोणताही चित्रकार ढाल रंगवू शकतो. पेंढी जाड काढली की बारीक, याने काही बिघडत नाही. कायदा वर्णनाला बांधलेला आहे, चित्राला नाही. चांदीच्या भांड्यावर किंवा छापील पुस्तकात रंग नसतात, तिथे सतराव्या शतकापासून रेघांची सांकेतिक पद्धत आहे : उभ्या रेघा म्हणजे तांबडे, आडव्या म्हणजे निळे, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरे ते रुपेरी. ही पद्धत एकदा डोळ्यांत बसली की जुन्या बाजारातल्या काळवंडलेल्या चमच्यावरची ढालही रंगीत दिसू लागते.

आता चेशायरच्या तीन ढाली शेजारी ठेवून पाहा. व्हेनेबल्स : निळ्यावर दोन रुपेरी आडव्या पट्ट्या. ब्रेरटन : रुपेरीवर दोन काळ्या. मॅनरिंग : रुपेरीवर दोन तांबड्या. आराखडा एकच, रंग निराळे. छोट्याशा काउंटीत जो तो एकमेकांचा मेहुणा, साडू किंवा कूळ होता. अशा ठिकाणी ढाली एकमेकींच्या तोंडवळ्यावर जाणारच. वेगळेपणा दाखवायचा तर तो शिरस्त्राणावरच्या तुऱ्यात, आणि तिथे मात्र या मंडळींनी कल्पनेला मोकळे रान दिलेले दिसते.

मॅनरिंगांचा तुरा म्हणजे मुकुटातून वर आलेले, गळ्यात दावे असलेले गाढवाचे तोंड. ब्रेरटनांचा म्हणजे मुसके बांधलेले अस्वलाचे तोंड. इंग्रजीत अस्वलाला 'बेअर' म्हणतात आणि आडनाव ब्रेरटन, म्हणजे हा नावावरून साधलेला विनोद. मध्ययुगीन सरदारांना असल्या कोट्यांचे भारी वेड होते. स्टार्की घराण्याच्या ढालीवर स्टॉर्क, म्हणजे करकोचा आहे. कॉटनांच्या ढालीवर सुताच्या तीन लडी आहेत. पुढच्या पिढ्यांना असा विनोद पूर्वजांच्या इभ्रतीला कमी वाटला, की त्यावर युद्धातल्या पराक्रमाची एखादी कथा रचून चढवली जाई. तेव्हा तुऱ्यामागची रसभरीत गोष्ट कोणी सांगू लागला, तर ती तुऱ्यानंतर तयार झाली असण्याचीच शक्यता जास्त.

डेव्हनपोर्टांच्या तुऱ्याला मात्र कथा चिकटवायची गरज पडली नाही. गळ्यात सोनेरी फास अडकवलेले गुन्हेगाराचे मुंडके, असा तो तुरा आहे. मॅकल्सफील्डच्या जंगलात शांतता राखण्याचे, म्हणजे दरोडेखोरांना पकडून त्यांचा निकाल लावण्याचे वंशपरंपरागत काम या घराण्याकडे होते. हे वतनच त्यांनी डोक्यावर मिरवले. स्टॉकपोर्टजवळ ब्रॅमल हॉल हा काळ्या लाकडाचा नि पांढऱ्या गिलाव्याचा त्यांचा जुना वाडा आज लोकांना पाहायला खुला आहे. देखण्या दिवाणखान्याच्या धन्याने आपली ओळख म्हणून फाशीचा दोर निवडावा, यात मला तरी त्या काळाचा रोखठोकपणा दिसतो.

लग्नाने ढाली कशा बदलत, हेही पाहण्यासारखे आहे. नवरा-बायकोच्या ढाली एकाच ढालीत शेजारी-शेजारी मांडत. पण बायकोला भाऊ नसेल आणि ती बापाची वारस असेल, तर नवरा तिच्या घराण्याची छोटी ढाल आपल्या ढालीच्या मध्यावर बसवी आणि मुले दोन्ही घराण्यांची चिन्हे चार खणांत वाटून घेत. म्हणजे खण जितके जास्त, तितक्या वारसदार मुली घरात आणलेल्या. मुली स्वतः ढाल धरत नसत. त्यांचे चिन्ह शंकरपाळ्याच्या आकारात काढत. ग्रोव्हनरांचे नशीब फळफळले तेही एका मुलीमुळेच. १६७७ मध्ये सर टॉमस ग्रोव्हनरचे लग्न लंडनच्या मेरी डेव्हिस या १२ वर्षांच्या वारसदार मुलीशी झाले. तिच्याबरोबर आलेली कुरणे आणि दलदल म्हणजे आजचे मेफेअर, बेलग्रेव्हिया आणि पिम्लिको. त्यातले बेलग्रेव्हिया हे नाव चेशायरमधल्या बेलग्रेव्ह या ग्रोव्हनरांच्या खेड्यावरून पडले आहे.

एवढा पैसा आणि मान ज्यात गुंतला, त्याला सरकारी चौकशी आलीच. चिन्हांचा हिशेब ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांना हेरल्ड म्हणतात. त्यांची संस्था 'कॉलेज ऑफ आर्म्स' १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने सनद देऊन उभी केली. १५३० पासून दीडेकशे वर्षे हे हेरल्ड काउंटी-काउंटीत दौरे काढत. जमीनदारांना बोलावून सनदा, शिक्के, वंशावळी तपासत आणि ज्याला हक्क सिद्ध करता आला नाही त्याचे नाव जाहीर करत. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर 'हा कुलीन नव्हे' असे पुकारले जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

चेशायरचा शेवटचा दौरा १६६३-६४ मध्ये विल्यम डगडेलने केला. माणूस मोठा विद्वान आणि तितकाच कडक. त्याची गाठ पडली चेस्टरच्या रँडल होमशी. होम हे चिताऱ्यांचे घराणे. आजा, बाप, मुलगा, नातू सगळ्यांचे नाव रँडल. सरदार वारला की त्याचे कुलचिन्ह काळ्या चौकटीच्या फळीवर रंगवून आधी घरावर आणि मग चर्चमध्ये टांगत. या फळीची पार्श्वभूमी मृताच्या बाजूला काळी आणि जिवंत जोडीदाराच्या बाजूला पांढरी असते, त्यामुळे नवरा आधी गेला की बायको, हे आजही फळीकडे पाहून सांगता येते. असली कामे होम परस्पर करत, आणि त्यांची फी हेरल्डांच्या खिशात जायची ती यांच्या खिशात जाई. डगडेलने तिसऱ्या रँडलवर खटला भरला आणि जिंकला. पण होम हटला नाही. १६८८ मध्ये त्याने चेस्टरलाच 'दी अकॅडमी ऑफ आर्मरी' नावाचा अवाढव्य ग्रंथ छापला. ढालीवर येऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू नोंदवायची, या हट्टापायी त्याने चांभाराच्या आरीपासून गवंड्याच्या थापीपर्यंत सतराव्या शतकातल्या सगळ्या धंद्यांची हत्यारे नावानिशी लिहून काढली. आज कुलचिन्हांशी देणेघेणे नसलेले इतिहासकारही कामगारांच्या बोलीसाठी हे पुस्तक उघडतात. पैसे संपले म्हणून की काय, अर्धे पुस्तक हस्तलिखितातच राहिले. ते १९०५ मध्ये छापून आले.

त्याच सुमारास चेशायरमध्ये एका बाईवरून कागदी लढाई जुंपली होती, आणि ती बाई वारून साडेचार शतके होत आली होती! सर पीटर लेस्टरने १६७३ मध्ये काउंटीचा इतिहास छापला. त्यात बाराव्या शतकातल्या अर्ल ह्यूची (हा लूपस नव्हे, त्याच नावाचा पुढचा अर्ल) मुलगी अमिशिया अनौरस असल्याचे त्याने लिहिले. अमिशिया ही मॅनरिंगांची मूळ माता. म्हणजे अर्लशी असलेले त्यांचे नातेच बाटले. सर टॉमस मॅनरिंगने त्याच वर्षी उत्तर छापले. लेस्टरने त्यावर प्रत्युत्तर दिले. मग पुन्हा उत्तर. मुद्दा फिरत राहिला तो एका सनदेभोवती : लग्नात आंदण म्हणून जमीन दिली ती औरस मुलीलाच देता येते की अनौरस मुलीलाही? वर्षानुवर्षे पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या आणि १६७८ मध्ये लेस्टर वारला तेव्हा कुठे वादाचा धुरळा खाली बसू लागला. दोघेही सभ्य, दोघेही वाचणारे आणि दोघेही आपापसात नातलग.

राजाला एखाद्यावर मेहेरनजर करायची असली की तो ढालीत भर घालण्याची परवानगी देई. लाइम पार्कच्या ली घराण्याला ती पहिल्या एलिझाबेथकडून १५७५ मध्ये मिळाली : ताऱ्यांनी भरलेल्या काळ्या छोट्या ढालीवर चिलखती हात आणि हातात निशाण. कारण काय, तर त्यांच्या मातुल घराण्यातल्या टॉमस डॅनियर्सने १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत युवराजाचे निशाण वाचवले होते. पराक्रमाची पावती २२९ वर्षांनी पोचली. बीबीसीच्या १९९५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत नायक डार्सीचे घर म्हणून जो वाडा दिसतो, तो हाच लाइम.

कॉटनांचा वंशज स्टेपल्टन कॉटन याचे नाव आपल्याही इतिहासाला येऊन भिडते. १८०५ मध्ये यशवंतराव होळकरांनी भरतपूरच्या जाट राजाचा आश्रय घेतला होता आणि इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने चार वेळा हल्ला करूनही भरतपूरचा किल्ला पडला नव्हता. इंग्रजांच्या जिव्हारी लागलेला तो अपमान १८२६ च्या जानेवारीत किल्ला सर करून पुसून काढला तो सरसेनापती असलेल्या या कॉटनने. त्याबद्दल त्याला व्हायकाउंटची पदवी मिळाली आणि तिच्यात चेशायरमधल्या त्याच्या कॉम्बरमिअर या वाड्याबरोबर भरतपूरचेही नाव घातले गेले. ढालीवर सुताच्या लडी मात्र तशाच राहिल्या. चेस्टरच्या किल्ल्यापुढे त्याचा अश्वारूढ पुतळा उभा आहे.

आणि ग्रोव्हनर? ते १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टरचे ड्यूक झाले. पहिल्या ड्यूकचे नावच ह्यू लूपस ग्रोव्हनर. ईटन हॉल या आपल्या वाड्यापुढे त्याने अर्ल ह्यूचा भव्य अश्वारूढ पुतळा बसवून घेतला. घराण्याच्या ब्रीदाचा अर्थ 'गुण, वंशावळ नव्हे' असा आहे, हे वाचून हसू आवरत नाही. त्याच्या घोड्याने १८८० ची डर्बी शर्यत जिंकली. घोड्याचे नाव 'बेंड ऑर', म्हणजे सोनेरी पट्टा. पाचशे वर्षे झाली तरी विसरले नव्हते! ड्यूकच्या नातवालाही 'बेंडॉर' हेच लाडाचे नाव पडले. योगायोग असा, की त्या घोड्यावरूनही वाद झाला. हा खरा बेंड ऑर नव्हेच, शिंगरे असताना अदलाबदल झालेला दुसराच घोडा आहे, अशी तक्रार शर्यतीनंतर आली. ती फेटाळली गेली. मात्र जपून ठेवलेल्या सांगाड्याच्या अलीकडच्या डीएनए तपासणीने तक्रारदाराच्या म्हणण्याला बळ दिले आहे.

ज्या न्यायालयाने ग्रोव्हनरचा पट्टा काढून घेतला ते अजून कागदोपत्री जिवंत आहे. दोनशेहून अधिक वर्षे बंद राहून ते १९५४ मध्ये एकदा बसले, कारण चेशायरच्या शेजारच्या मँचेस्टर महापालिकेचे चिन्ह एका नाट्यगृहाने परवानगीवाचून आपल्या पडद्यावर लावले होते. महापालिका जिंकली. त्यानंतर ते न्यायालय बसलेले नाही.

इंग्लंडला गेलात तर पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत आडनावावरून 'तुमचे कुलचिन्ह' छापलेले मग आणि किल्ल्यांच्या साखळ्या दिसतील. त्या घेऊ नका. इंग्लंडच्या कायद्यात आडनावाला कुलचिन्ह नसते. ते एका व्यक्तीला दिलेले असते आणि तिच्या वंशजांकडेच उतरते. एकाच आडनावाच्या दोन माणसांतल्या एकाकडे ते असेल, दुसऱ्याकडे नसेल. तेवढ्या पैशांत चेस्टरहून लाइमचे किंवा ब्रॅमलचे तिकीट काढा आणि भिंतींवरच्या ढाली पाहा. तिथल्या प्रत्येक खणामागे कोणाचे तरी लग्न, कोणाची तरी जमीन किंवा कोणाचा तरी कज्जा आहे.